सात नंबरची जर्सी जमा करण्याबाबत

अप्पांना फक्त एक जर्सी परत करायची होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे काही झालं त्यावरून अप्पांना महिला फुटबॉलच्या उद्धाराची तळमळ लागलीय असा समज इमारतीत पसरला, तो साफ चुकीचा आहे. अप्पांना फुटबॉलमधलं एवढंच कळत होतं की चेंडू हातात घेतला की शिट्टी वाजते आणि गोलात उभ्या असलेल्या मुलीने घेतला की वाजत नाही. हा पक्षपात कशासाठी, असं त्यांनी नातीला एकदा विचारलं होतं. तिने "अप्पा, तुम्ही ना..." म्हणून कपाळावर हात मारून घेतला होता.

नातीचं घरातलं नाव खारू. खारीसारखी एका जागी ठरत नसे म्हणून. मुलाची बदली झाली आणि तो, सून आणि खारू सामानाच्या ट्रकमागोमाग दूरच्या शहरात निघून गेले. अप्पा मागे राहिले. "तुम्हीही चला," असं मुलगा म्हणाला होता, सूनही म्हणाली होती. पण नवं घर लहान आहे हेही दोघांनी त्याच वाक्यात सांगितलं होतं, आणि अप्पांचा जन्म ऑफिसात गेलेला. वाक्याचा कुठला अर्धा भाग वाचायचा असतो ते त्यांना नेमकं कळत होतं.

"मी इथेच बरा," अप्पा म्हणाले. दोघांनीही त्यांना फार आग्रह केला नाही.

त्यानंतर घरात जी शांतता पसरली, ती अप्पांनी सुरुवातीला सुखाची मानायचा प्रयत्न केला. वर्तमानपत्र अख्खं मिळत होतं. टीव्हीचा रिमोट ठेवलेल्या जागी सापडत होता. बाथरूमच्या दारावर कुणी धडका मारत नव्हतं. पण रिमोट ठेवलेल्या जागी सापडायला लागला की माणसाला टीव्ही बघावासा वाटत नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. खरं सांगायचं तर अप्पांना करमत नव्हतं. अगदी करमत नव्हतं.

अशात एका सकाळी त्यांना बाथरूमच्या दारामागच्या खुंटीवर ती जर्सी दिसली. पांढरी, छातीवर हिरवा पट्टा, पाठीवर सात आकडा, पोटावर मैदानाचा बराचसा भाग. शेवटची मॅच खेळून आल्यावर खारूने काढून टांगली ती तशीच राहिली होती. मुलाला फोनवर सांगितलं, तर तो घाईत म्हणाला, "अरे हो अप्पा, ती क्लबची आहे. तेवढी जमा करून टाका ना. पाच मिनिटांचं काम आहे."

जगातली यच्चयावत संकटं पाच मिनिटांच्या कामापासून सुरू होतात. पण अप्पांना त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. खरं तर दुसऱ्या दिवशीही नव्हतं.

रविवारी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून मैदानावर गेले. मुलींचा आणि बायकांचा हा क्लब म्हणजे अप्पांच्या कल्पनेत दहाबारा पोरी आणि एक चेंडू. प्रत्यक्षात तिथे दहा वर्षांखालच्या, बाराखालच्या, चौदाखालच्या असे मुलींचे वेगवेगळे संघ होते आणि पलीकडे मोठ्या बायकांचा संघ एकमेकींना ढकलत धावत होता. सगळ्यांवर मिळून एकच कोच. ती तरुण, आवाज बसलेली आणि गळ्यात शिट्टी. बोलण्यापेक्षा शिट्टीनेच जास्त काम घ्यायची.

"ही जर्सी जमा करायची आहे," अप्पा म्हणाले.

"किट इन्चार्जकडे द्या, काका."

"त्या कुठे असतात?"

"नसतात. सोडून गेल्या. त्यांच्या मुलीला आता पोहायला घातलंय."

"मग तुम्ही घ्या."

"मी घेतली की हरवते," कोच प्रामाणिकपणे म्हणाली. "नवीन इन्चार्ज मिळाल्या की द्या."

"त्या कधी मिळतील?"

कोचने पहिल्यांदाच अप्पांकडे नीट पाहिलं. इस्त्री पाहिली, पेन पाहिलं, जर्सी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती तेही पाहिलं. "काका, तुम्ही रिटायर झालात का हो?"

या प्रश्नाला शहाणा माणूस उत्तर देत नाही. त्याला एकदम आठवतं की दुधाचं भांडं गॅसवर आहे. पण इतक्या दिवसांत अप्पांना त्यांच्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते खुलले. "स्टोअर्सला होतो," ते म्हणाले. "अख्ख्या खात्याचं स्टोअर. माझ्या हाताखाली टाचणी इकडची तिकडे झाली नाही."

कोचने खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

क्लबची स्टोअररूम म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची तिरकी खोली. आत पायमोज्यांचा डोंगर, त्यात अर्धवट पुरलेले चेंडू, आणि असा वास की अप्पांना चष्मा काढून पुसावासा वाटला. त्यांच्यातला स्टोअरकीपर कळवळला. पण खोटं कशाला बोला, आतून त्याला आनंदही झाला. त्या दुपारी त्यांनी पायमोज्यांच्या जोड्या लावल्या. ज्यांना जोडीदार मिळाला नाही ते वेगळे ठेवले आणि त्या ढिगाकडे जरा जास्तच वेळ पाहत बसले.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. बाराखालच्या संघाची गोलकीपर. सगळ्या तिला 'भिंत' म्हणत. त्या भिंतीतून चेंडू बरेचदा आरपार जायचे, पण नाव पडलं ते पडलं.

"तुम्ही खारूचे अप्पा ना?"

"हो."

"ती परत येणारे?"

"सुट्टीत येईल की."

"कुठल्या सुट्टीत?"

अप्पांना ते ठाऊक नव्हतं. "तुला हातमोजे हवेत का?" त्यांनी विचारलं. भिंतीने नको म्हणून मान हलवली आणि पायरीवर एकटीच जाऊन बसली. कोच शिट्टी वाजवेपर्यंत ती तिथेच होती.

आता जर्सीचा प्रश्न खरं तर मिटायला हवा होता. घेणारा मिळाला होता, तोही घरचाच. अप्पांनी वर्तमानपत्र उलगडलं आणि इन्चार्जच्या नजरेने माल तपासला. पोटावर चिखल, कोपराला गवताचा हिरवा डाग, उजव्या बाहीवर खारू नाक पुसायची ती जागा. अशा स्थितीतला माल अप्पांनी नोकरीत कधी ठेवून घेतला नव्हता. एकदा तर साहेबांनी स्वतः परत केलेली छत्री त्यांनी ओली आहे म्हणून नाकारली होती. धुऊन आणा, इन्चार्ज अप्पा आजोबा अप्पांना म्हणाले. आजोबांना ते पटलं. नियम म्हणजे नियम. जर्सी पिशवीत घालून ते घरी आले.

घरी आजोबांनी बादली भरली, साबण काढला, जर्सी हातात घेतली आणि सहज नाकाला लावली. त्यानंतर बादलीतलं पाणी त्यांनी झाडांना घातलं आणि जर्सी खुंटीवर होती तिथे टांगली. घरातल्या गाद्या, उशा, पडदे सुनेने जाताना धुऊन ठेवले होते. खारूचा वास तेवढा त्या जर्सीत उरला होता.

पुढे दर रविवारी हेच व्हायचं. आजोबा जर्सी वेगळ्या कापडी पिशवीत घालून मैदानावर न्यायचे, इन्चार्ज ती अस्वच्छ म्हणून नाकारायचा, आजोबा मुकाट्याने घरी आणायचे. दोघांचंही त्यात काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते दुसरीकडे. क्लबचे कपडे मुलींच्या आया पाळीपाळीने धुवायच्या. एकीकडून पँट यायची तर नाडी नसायची, दुसरीकडून जर्सी यायची ती तिच्या धाकट्या भावाच्या अंगावर. अप्पांना हा अनागोंदी कारभार बघवेना. "बाराखालच्यांचे मी धुतो," ते एका रविवारी बोलून गेले. मशीन घरी रिकामंच होतं. एका माणसाच्या कपड्यांनी त्याचा तळही झाकत नसे. ही बातमी आयांमध्ये वाऱ्यासारखी पसरली. पुढच्या आठवड्यात दहाखालच्यांची पिशवी आली, मग चौदाखालच्यांची, आणि शेवटी मोठ्या बायकांची कॅप्टन स्वतःच पोतं खांद्यावर टाकून आली. ती नर्स होती. पोतं दारात टेकवून म्हणाली, "काका, आमचे जरा जास्त मळतात. आम्ही जास्त पडतो."

अप्पांच्या दाराची घंटी पुन्हा वाजायला लागली. यात त्यांना जे सुख होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घंटी वाजायच्या अंदाजाने ते चहाचं आधण ठेवून बसत. पण माणसं पिशवी द्यायची, "थँक यू काका" म्हणायची, आणि अप्पांच्या तोंडून "चहा" निघेपर्यंत जिन्याचं वळण ओलांडलेलं असायचं. मग अप्पा अर्धं आधण ओतून द्यायचे आणि उरलेल्याचा एक कप चहा करून मशीनसमोर बसून प्यायचे.

इमारतीत मात्र खळबळ माजली. गॅलरीभर हिरव्या पट्ट्याच्या जर्स्या फडकू लागल्यावर सेक्रेटरी वर आले. सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागासाठी जीव देणारा माणूस.

"तुम्ही लाँड्री काढलीत का?" त्यांनी विचारलं.

"मी फुटबॉल क्लबचा किट इन्चार्ज आहे," अप्पा शक्य तितक्या रुबाबात म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांत लहान मुलींच्या चड्ड्या होत्या, त्यामुळे रुबाब म्हणावा तसा वठला नाही.

"दर्शनी भागात कपडे नकोत. गच्चीवर वाळवा."

"गच्चीची किल्ली?"

"ती अर्ज आल्याशिवाय देत नाही."

अप्पांनी अर्ज दिला. सेक्रेटरींनी कारण विचारलं. अप्पांनी कारण लिहिलं. "खासगी की सार्वजनिक?" असा शेरा आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारलेल्या माणसाला हे दिवस पाहायला लागावेत, या विचाराने अप्पांनी 'सार्वजनिक' हा शब्द दोनदा गिरवला. किल्ली अखेर मिळाली, पण गच्चीवरच्या वाऱ्याने मोठ्या बायकांच्या गोलकीपरचा मोजा उडवून सेक्रेटरींच्याच स्कूटरच्या आरशावर चढवला आणि संबंध पुन्हा ताणले गेले.

समोरच्या फ्लॅटमध्ये निवृत्त केमिस्ट्री मॅडम राहायच्या. त्यांना चिखलाच्या डागाबद्दल विचारलं असतं तरी त्या पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरू करत, आणि अप्पांनी विचारायच्या आतच त्यांनी सुरू केलं. "चिखल हा डाग नव्हेच. डाग म्हणजे रासायनिक बंध," त्या म्हणाल्या. मॅडमचं ज्ञान अफाट होतं, फक्त स्वतःचे कपडे त्या बाहेर धुवायला द्यायच्या.

अशातच मशीन बंद पडलं. मेकॅनिकने ते उघडलं आणि आतून वाळू, दोन रबरबँड, गवत आणि गोलच्या जाळीचा तुकडा बाहेर काढून ओळीने मांडला. "काका, यात शेत धुता का?" त्याने विचारलं. एक पार्ट मागवावा लागणार होता. दुसऱ्या दिवशी रविवार, सगळ्या संघांच्या मॅच, आणि सगळ्या पिशव्या न धुतलेल्या. त्यात भर म्हणून कोचने गोलकीपरांसाठी नव्याकोऱ्या लालभडक जर्स्या आणल्या होत्या. "एकदा पाण्यातून काढून द्या, काका. अंगाला खाजतात."

अप्पांनी बाथरूममधला मोठा टब काढला. मॅडम दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. "पाणी कडकडीत हवं. त्यात व्हिनेगर. आम्लाने रंग पक्का होतो."

"सगळे एकत्र?"

"रंग पक्का झाल्यावर वेगळे कशाला?"

यात तर्कदोष काढायला जागा नव्हती. अप्पांनी चारही संघांचे कपडे, प्रॅक्टिसची जाकिटं आणि त्या लाल जर्स्या टबात टाकल्या, वर झाकण ठेवलं आणि चहा घेतला. झाकण काढलं तेव्हा आतलं पाणी सूर्यास्तासारखं दिसत होतं.

जे पांढरं होतं ते गुलाबी झालं होतं. जे लाल होतं तेही आपला रंग सगळ्यांना वाटून स्वतः गुलाबी झालं होतं. जाकिटं गुलाबी. मोजे गुलाबी. छातीवरचा हिरवा पट्टा तेवढा टिकला होता, त्यामुळे प्रत्येक जर्सी कापलेल्या कलिंगडासारखी दिसत होती. मॅडमनी एक मोजा चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि "कापडात भेसळ आहे," असा निर्वाळा देऊन त्या घरी गेल्या.

अप्पा टबाच्या कडेवर बसून राहिले. हाक मारून सांगावं, असं घरात कुणी नव्हतं. खारू असती तर पोट धरून हसली असती, आणि मग तेही हसले असते. एकट्याला हसूही येईना. उद्या कोच किल्ली परत मागेल, घंटी वाजायची बंद होईल, आणि रिमोट पुन्हा ठेवलेल्या जागी सापडेल. याचीच त्यांना भीती वाटत होती. कपड्यांचं काय, कपडे नवे येतात.

रविवारी मैदानावर पिशव्या उघडल्या. दहाखालच्या आनंदाने किंचाळल्या. चौदाखालच्यांपैकी एकीने तोंड झाकून घेतलं. नर्स कॅप्टनने जर्सी अंगाला लावून पाहिली. "चला, बरं झालं. आठवडाभर पांढरं घालून वीट येतो." कोचने शिट्टी तोंडात धरली, पण वाजवायचं तिला सुचलं नाही. अप्पांनी खिशातून किल्ली काढून हातात धरून ठेवली होती, म्हणजे मागितली की लगेच देता यावी.

पहिली मॅच बाराखालच्यांची. समोरचा संघ निळा. कलिंगडं मैदानात उतरली, गोलात भिंत जाऊन उभी राहिली, आणि रेफरीबाई थबकल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, बाकीच्या मुलींकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"गोलकीपर कुठेय?"

"ही काय," कोच म्हणाली.

"हिचा रंग बाकीच्यांसारखाच आहे. गोलकीपर वेगळी दिसली पाहिजे. मला कळणार कसं, चेंडूला हात कुणी लावला ते?"

"दुसऱ्या संघाच्या गोलकीपरची देते," कोच म्हणाली आणि पिशवीत हात घातला. गुलाबी. दुसरी पिशवी. गुलाबी. प्रॅक्टिसची जाकिटं. कोचने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी जमिनीकडे पाहिलं.

"साधा टी-शर्ट चालेल?"

"नंबर हवा. वेगळी जर्सी नसेल तर मॅच तिकडे जाईल," रेफरीबाई निळ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघू लागल्या.

भिंत गोलात एकटी उभी होती. आपल्यामुळे सगळं अडलंय असं तिला वाटत असावं, कारण तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते. खारू असताना गोल झाला की खारू पळत मागे यायची आणि तिच्या पाठीत धपाटा घालून पुन्हा पुढे पळायची. आता कुणी मागे येत नव्हतं.

अप्पांच्या खांद्याला ती कापडी पिशवी होती. अख्ख्या क्लबात गुलाबी न झालेली एकच जर्सी त्या पिशवीत होती. टबात ती गेली नव्हती, कारण ती जमाच नव्हती.

कुणाला माहीत नव्हतं. अप्पा गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. मॅच जाईल, त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, एक मॅच गेली म्हणून आकाश कोसळत नाही. एकदा ही दिली की मैदानाचा, हातमोज्यांचा, दुसऱ्या कुणाचा तरी वास तिला लागणार, आणि तो परत काढता येत नाही. मॅडमच्या केमिस्ट्रीतही नाही. त्यांचा हात पिशवीच्या तोंडावर बराच वेळ नुसताच राहिला.

मग ते मैदानात चालत गेले. मध्येच सरळ. चार जणींनी "काका, लाइन! लाइन!" म्हणून ओरडा केला.

"ही घे," त्यांनी भिंतीला जर्सी दिली. "मळलेली आहे. नियमात बसत नाही, पण घे."

भिंतीने पाठीवरचा सात पाहिला आणि बाहीवरचा तो डाग पाहिला. "ही खारूची," ती म्हणाली. मग अंगातल्या गुलाबी जर्सीवरूनच तिने ती डोक्यातून घातली आणि डोकं बाहेर यायला जरा जास्तच वेळ लावला. बाहेर आलं तेव्हा म्हणाली, "अप्पा, हिला वास येतोय."

"हो," अप्पा म्हणाले. "माहितीये मला."

भिंतीने त्या दिवशी इतिहास वगैरे घडवला नाही. दोन गोल खाल्ले. पण एक चेंडू थेट पोटावर घेतला, तो असा की त्याचा गोल ठसा खारूच्या चिखलाशेजारी स्पष्ट उमटला, आणि बाराखालची सारी कलिंगडं तिच्या अंगावर कोसळली. निळ्यांचाही दोनदा गोल होऊ दिला नसता तर जिंकलोच असतो, असं अप्पा नंतर म्हणाले. कोणी कुणाचा गोल होऊ द्यायचा असतो, हे त्यांना अजूनही नीटसं कळलेलं नव्हतं. बरोबरी झाली एवढं खरं.

मॅच संपल्यावर अप्पांनी किल्ली कोचपुढे धरली. ती किल्लीकडे बघून म्हणाली, "हे काय? आणि धुणार कोण? मी?" आणि दहाखालच्यांच्या मॅचला शिट्टी वाजवत निघून गेली.

संध्याकाळी पिशव्या घरी आल्या. अप्पा एक एक जर्सी उलटी करून पाहत होते, आणि गुलाबी ढिगातून मध्येच पांढरी वर आली. भिंतीने ती बाकीच्यांबरोबर पिशवीत टाकली होती. टाकणारच. क्लबची जर्सी क्लबच्या पिशवीत, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? म्हणजे ती जमा झाली होती. आणि जमा होऊन घरी आली होती, आणि पुढच्या रविवारीही येणार होती, त्याच्या पुढच्याही.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी खारूचा यायचाच. नेहमी तो "अप्पा, बरे आहात ना, भूक लागलीय, ठेवते" इतकाच असायचा.

"अप्पा, जर्सी दिली का हो परत? बाबा विचारतोय."

"दिली."

"आता कोण घालतं?"

"भिंत."

  खारू म्हणाली, "तिला बाह्या लांब होतात."

"दुमडल्या होत्या."

"मी इकडे कुठल्याच टीममध्ये नाहीये, अप्पा. इकडे ओळखच नाहीये कुणाची."

"माझीही नव्हती," अप्पा म्हणाले. "तू जा आणि विचार, इथे किट इन्चार्ज आहे का."

"का?"

"विचार तर. नसेल तर सांग, मला धुता येतं."

खारू हसली. पोट धरून हसली असावी, कारण मागून सुनेचा "काय गं झालं?" असा आवाज आला. त्या दिवशी तिला भूकही उशिराच लागली.

फोन ठेवून अप्पांनी जर्सी पुन्हा हातात घेतली आणि नाकाला लावली. आता तिला दोघींचा वास येत होता, आणि त्यातला कुठला कुणाचा हे त्यांना सांगता येईना. मेकॅनिक संध्याकाळीच येऊन नवा पार्ट बसवून गेला होता. अप्पांनी सगळ्यात आधी सात नंबर आत टाकला, त्यावर कलिंगडं टाकली, झाकण लावलं, खडखडत मशीन सुरू झालं आणि ते स्टूल ओढून समोर बसले.